नोकरी आयटीतली, जोडकमाई लेखनाची: परवानगी, करार आणि कर

अर्धविराम
मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. नोकरी सोडायचा विचार नाही. गृहकर्ज चालू आहे, मुलगी शाळेत आहे आणि काम मनापासून आवडतं.

गेली काही वर्षं दोन तऱ्हेचं लिहितोय. एक इंग्रजीत: डेटाबेस, मेसेज क्यू, रात्री अडीचला आडवा झालेला सर्व्हर आणि तो परत उभा कसा केला, असल्या विषयांवरचे लेख. दुसरं मराठीत: कथा, क्वचित ललित. पहिल्याला परदेशातल्या कंपन्या डॉलर देतात. दुसऱ्याला संपादक 'छान जमलंय' म्हणतात.

कुठे लिहिलं की पैसे मिळतात, याच्या याद्या ढिगाने मिळतात. त्या इथे नकोत. माझं घोडं अडलंय ते पुढे. कंपनीला सांगायचं का? सांगितलं तर काय शब्दांत? लिहिलेलं माझं की कंपनीचं? आणि इन्कम टॅक्सचं काय? मित्रमंडळी म्हणतात, एवढ्या चिल्लरीला कोण विचारतंय. चिल्लर असेलही, पण नेमणूकपत्रावर सही माझी आहे.

ज्यांनी नोकरी सांभाळून लेखनाचे पैसे घेतलेत त्यांनी लिहा. ज्यांना द्यावे लागतात त्यांनीही.

सदाशिवपेठी
मराठीत लिहून पैसे? आधी बसा, पाणी घ्या.

छापील किंमत २५० रुपये. आवृत्ती १,००० प्रतींची (हल्ली ५०० सुद्धा धाडसाच्या वाटतात प्रकाशकांना, ते सोडा). रॉयल्टी १० टक्के. शेवटची प्रत खपली की झाले २५,००० रुपये. खपायला तीन-चार वर्षं, लिहायला दोन. तुमच्या पगाराचा ताशी दर काढा, या रकमेला त्याने भागा आणि आलेले तास इथे लिहा. करमणूक होईल.

बाकी धागा चांगला आहे. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

मुक्ता_दे
वाचतेय. तांत्रिक लेखनाबद्दल सवडीने सविस्तर लिहिते.

खडूस_संपादक
सदाशिवपेठी, हिशोब बरोबर आहे. पण सगळ्यांत आधी पैसे दिसतात ते पुस्तकात नाही, दिवाळी अंकात. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथपासून या व्यवहाराचा गाडा जाहिरातींवर चालतो. अंकाच्या किमतीतून कागद-छपाईसुद्धा धड निघत नाही. म्हणून मानधन किती, यापेक्षा ते कधी, हा प्रश्न विचारावा.

आमचं वर्ष असं असतं. मे-जूनमध्ये लेखकांना पत्रं जातात. जुलै संपेपर्यंत मजकूर हातात हवा असतो, गणपतीच्या सुमारास पानं लागतात, दिवाळीच्या आधी अंक स्टॉलवर. जाहिरातदार पैसे देतो अंक निघाल्यावर, तेही चार फोन झाल्यावर. तुमचा चेक निघतो त्यानंतर, म्हणजे संक्रांत ते होळी या दरम्यान कधीतरी. काही अंक फक्त अंकाची प्रत देतात. काही तीही देत नाहीत.

नवा लेखक मानधनाबद्दल विचारायला लाजतो आणि मग वर्षभर चिडून बसतो. मजकूर पाठवण्याआधी एका ओळीचा मेल टाका: 'मानधन किती आणि साधारण कधी मिळेल?' चांगला संपादक रागावत नाही. रागावला तर तुमची एक कथा वाया जायची वाचली.

कोकणस्थ_बग
माझा अनुभव वेगळा. मला विचारल्यावर उत्तरच आलं नाही. कथा मात्र छापून आली.

खडूस_संपादक
@कोकणस्थ_बग: उत्तर न येणं हेही उत्तरच. तिथे पुन्हा पाठवू नका.

मुक्ता_दे
आता सवड झाली.

मी टेस्टिंगमध्ये आहे, ठाण्याला. डेव्हलपरांसाठी साधनं बनवणाऱ्या कंपन्यांना त्यांच्या ब्लॉगसाठी बाहेरचे लेखक लागतात, कारण त्यांच्या इंजिनिअरांना लिहायला वेळ नसतो आणि मार्केटिंगवाल्यांना कोड चालवता येत नाही. पद्धत ठरलेली असते. तुम्ही विषय आणि थोडक्यात आराखडा पाठवायचा. तो पटला की खर्डा, सोबत चालणारा कोड. त्यांचा इंजिनिअर तो कोड चालवून बघतो. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या होतात, लेख लागतो, मग तुम्ही इनव्हॉइस लावायचं आणि पैशांची वाट बघायची. रक्कम लेखाला ठोक असते, शब्दाला नाही.

नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं आणि यातला खालचा मजला कोसळला. 'डॉकर म्हणजे काय', 'पायथनमध्ये फाइल कशी वाचावी' असल्या लेखांना आता कोणी पैसे देत नाही. माझ्याकडे महिन्याला ठरून येणारं एक काम तसंच बंद झालं. टिकलंय ते जे स्वतः करून बघितल्याशिवाय लिहिता येत नाही: अमुक आवृत्तीवरून तमुकवर जाताना काय मोडलं, दोन साधनं एकाच डेटावर चालवली तर मोजमाप काय आलं, निर्माण झालेली गोची आणि तिच्यातून सुटका. अर्धविराम, तुमचा 'रात्री अडीचचा सर्व्हर' याच जातीचा आहे. म्हणून तो विकला जातो.

आणि नेमका तिथेच धोका आहे. तो सर्व्हर कोणाचा होता?

अर्धविराम
@मुक्ता_दे: कंपनीचा. नाव, आकडे, आकृती सगळं बदलून लिहितो. प्रसंग घरच्या मशीनवर नव्याने घडवून आणतो आणि लॉग त्याचेच देतो. पण सुचलं कुठून म्हणाल, तर ऑफिसातच.

नोटीस_पिरियड
मी बरीच वर्षं एचआरमध्ये होते, आता स्वतंत्र सल्ला देते. इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय, ती सोडवते.

पहिली, बाहेर काम करायला मुभा आहे का? २०२२चं वादळ आठवत असेल. ऑगस्टमध्ये स्विगीने कर्मचाऱ्यांना बाहेरची कामं करू देणारं धोरण जाहीर केलं. त्याच महिन्यात विप्रोच्या रिशाद प्रेमजींनी ही सरळसरळ फसवणूक आहे असं ट्विट केलं आणि सप्टेंबरमध्ये, प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. इन्फोसिसने आधी कडक मेल काढला आणि ऑक्टोबरमध्ये परवानगी घेऊन बाहेरची छोटी कामं करता येतील असं कळवलं. या सगळ्या गदारोळात भांडण होतं दुसऱ्या नोकरीचं, त्यातही प्रतिस्पर्ध्याकडच्या. कथा-कवितेबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण तुमच्या नेमणूकपत्रातलं कलम हा फरक करतंच असं नाही. 'अन्य कोणताही व्यवसाय, नोकरी वा मोबदल्याचे काम' असा शब्दप्रयोग असेल तर त्यात दिवाळी अंकही बसतो.

लोक सांगतात की असली कलमं कोर्टात टिकत नाहीत. अर्धवट माहिती आहे. १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ धंद्यावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरवतं, हे खरं. पण १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सेंच्युरी स्पिनिंगच्या खटल्यात काय म्हटलं ते बघा. कल्याणच्या टायर-कॉर्ड कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार मोडून कोट्याच्या रेयॉन कंपनीत गेला. नोकरीच्या मुदतीत दुसरीकडे काम न करण्याची अट ही व्यापारावरचं बंधन नाही, असं न्यायालय म्हणालं आणि मनाई कायम राहिली. नोकरी सुटल्यानंतरची बंधनं वेगळी, नोकरी चालू असतानाची वेगळी. (काही जण जुन्या कारखाने कायद्याचं कलम ६० दाखवतात, ते कारखान्यातल्या कामगारांसाठी होतं. आयटीवाल्याने त्याची धास्ती घेऊ नये.)

दुसरी गोष्ट मालकीची. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७(क): नोकरीचं काम करताना जे निर्माण झालं त्याचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. रविवारी स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेली कथा यात येत नाही. पण पुन्हा, नेमणूकपत्र कायद्याच्या पुढे जाऊ शकतं. 'नोकरीच्या काळात, कामाच्या वेळेत अथवा वेळेबाहेर, कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित' अशी लांबलचक ओळ शोधा. कथा तिच्यातून सुटते. डेटाबेसवरचा लेख मात्र अडकू शकतो. सोबत 'पूर्वीची निर्मिती' असं परिशिष्ट असतं, जे सगळे कोरं सोडून सही करतात. नवीन नोकरी घेताना तिथे आपल्या लेखनाची नोंद करा.

सदाशिवपेठी
म्हणजे विचारलं तर नाही म्हणतील, नाही विचारलं तर कळणार नाही. विचारायचं कशाला? टोपणनाव घ्या आणि लिहा.

विज्ञानवेडा
टोपणनावावरून आठवलं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. नाव बघून परीक्षकांचं मत बनू नये म्हणून. हस्ताक्षर ओळखू येईल म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं.

नोटीस_पिरियड
किस्सा झकास. पण नारळीकर परीक्षकांपासून लपत होते, नोकरी देणाऱ्या संस्थेपासून नाही.

वकीलबाई_नागपूर
टोपणनावाला कायद्यात जागा आहे. एरवी कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीचा प्रकाशनापासून ६० वर्षं, मधे खरं नाव उघड झालं नाही तर. पण चेकवर आणि पॅनवर टोपणनाव चालत नाही. पैसे घ्यायचे तर कुठेतरी खरं नाव येतंच.

मला बोलायचंय कराराबद्दल, कारण ऑडिओ अ‍ॅपवाल्यांचे करार घेऊन येणाऱ्यांत हल्ली तुमचे आयटीवालेच जास्त असतात. भागाला ठरावीक रक्कम आणि त्या बदल्यात 'सर्व माध्यमांतले, सर्व जगातले, कायमस्वरूपी हक्क'. पगार दुसरीकडून येत असल्यामुळे तुम्ही न वाचता सही करता. मग त्या कथेवर मालिका निघते आणि तुम्ही टीव्हीसमोर बसून आपलेच संवाद ऐकता.

कायदा लेखकाच्या बाजूने बराच आहे, वापरला तर. कलम १९ काय सांगतं? हक्कांचं हस्तांतर लेखी हवं, सहीचं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ज्याने हक्क घेतले त्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर हस्तांतर संपतं, करारात वेगळं म्हटलेलं नसेल तर. आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यमच अस्तित्वात नव्हतं त्यासाठीचे हक्क, तसं नाव घेऊन लिहिल्याशिवाय जात नाहीत. म्हणून समोरचा वकील प्रत्येक रिकामी जागा 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्व' या शब्दांनी भरतो. (हो, विश्वच. मंगळावरचे हक्कसुद्धा गेलेत एका लेखकाचे.) तुम्ही फक्त एवढं म्हणा: ऑडिओचे हक्क घ्या, सात वर्षांसाठी घ्या, बाकीचे माझ्याकडे राहू द्या. निम्म्या वेळा ऐकतात.

कोकणस्थ_बग
मंगळ 😂
वाखूसा (वाचनखूण साठवली).

डोंबिवली_फास्ट_लोकल
किंडलबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. केडीपीवर (अ‍ॅमेझॉनची स्वतः ईबुक काढायची सोय) मराठी ईबुक चढवता येतं. ९९ रुपये किंमत ठेवली तर ३५ टक्क्यांनी साधारण ३५ रुपये हातात. ७० टक्के हवे असतील तर भारतातल्या विक्रीसाठी केडीपी सिलेक्टमध्ये नाव घालावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ईबुक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही, स्वतःच्या ब्लॉगवरसुद्धा. किंडल अनलिमिटेडची वर्गणी भरणाऱ्या वाचकांचे पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात. माझ्या भयकथांना विक्रीपेक्षा पानांचे पैसे जास्त येतात. लोक लोकलमध्ये वाचत असणार. कागदी पुस्तक स्वतः काढणार असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

सुरुवातीला खात्यात कराची मुलाखत नावाचा प्रकार येतो. कंटाळून अर्धवट सोडू नका. त्यात तुम्ही अमेरिकेचे रहिवासी नाही हे सांगणारा डब्ल्यू-८बेन भरला जातो. पॅन दिला आणि भारत-अमेरिका करार लागू झाला की अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीतून १५ टक्के कापतात, नाहीतर ३०.

ताळेबंद
कर आला, आता मला राहवत नाही. कलमांचे क्रमांक १९६१च्या आयकर कायद्याचे देतो. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या कायद्यात ते बदललेत, पण जिभेवर जुनेच आहेत.

सगळ्यांत मोठा गैरसमज टीडीएसचा. प्रकाशक किंवा कंपनी १९४जे खाली १० टक्के कापते (वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत कापावं लागत नाही, एप्रिल २०२५ आधी ही मर्यादा ३०,००० होती). आयटीवाला म्हणतो, टॅक्स कापून आला, विषय संपला. अहो, पगार मोठा असेल तर तोच तुम्हाला ३० टक्क्यांच्या टप्प्यात नेऊन बसवतो. उपकरासह ३१.२. लेखनाचा प्रत्येक रुपया पगाराच्या डोक्यावर बसतो, म्हणजे १० कापून गेले तरी २१.२ द्यायचे बाकी. आणि टीडीएस कापला नाही म्हणजे करमुक्त, असंही नाही.

ही बाकी टीडीएस वजा जाता वर्षाला १०,००० किंवा जास्त होत असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. चुकलं तर महिना एक टक्का व्याज. यावर सोपा उपाय म्हणजे हे उत्पन्न कंपनीच्या पेरोलला कळवायचं, ते पगारातूनच जास्त टीडीएस कापतात. पण मग कंपनीला कळतं. सदाशिवपेठींच्या टोपणनावाची गोष्ट इथे संपते. नाहीतर स्वतः चलन भरा.

८०क्यूक्यूबी: लेखकाच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट. हिच्याबद्दल सगळे ऐकून असतात, अटी कोणी वाचत नाही. वजावट फक्त जुन्या करप्रणालीत. पुस्तक साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय हवं. शालेय पाठ्यपुस्तकं, गाइडं, मासिकं, वर्तमानपत्रं यांतलं लेखन चालत नाही, म्हणजे दिवाळी अंक बाहेर आणि अर्धविरामांचे डॉलरवाले लेखही बाहेर. एकरकमी मानधन नसेल तर विकलेल्या पुस्तकांच्या किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंतचीच रॉयल्टी धरतात. म्हणजे किंडलचे ७० टक्के ऐकायला छान, वजावटीला १५च. परदेशातून आलेली रॉयल्टी वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत परकीय चलनात भारतात यायला हवी.

आता उत्पन्नाचं खातं कुठलं? वर्षाकाठी एखादी कथा, एखादा लेख असेल तर 'इतर स्रोत' चालतं. दर महिन्याला इनव्हॉइस जात असेल तर तो व्यवसाय. मग आयटीआर-१ विसरा, आयटीआर-३ किंवा ४ भरा. याची एक शेपटी आहे. नुसता पगारदार दर वर्षी नवी की जुनी करप्रणाली ते निवडतो. व्यवसायाचं उत्पन्न दाखवलं की ती चैन गेली. नवीतून बाहेर पडलात तर परत येण्याची संधी एकदाच. दहा-वीस हजारांच्या लेखनासाठी हे स्वातंत्र्य घालवायचं का, ते आधी ठरवा.

४४एडीएचा मोह अनेकांना होतो: निम्मी रक्कम नफा धरायची, हिशोब ठेवायचा नाही. पण तो ठरावीक व्यवसायांना आहे. त्यात चित्रपटाचे कथा, पटकथा, संवाद आणि गीत लिहिणारे येतात. साधा लेखक त्या यादीत नावाने नाही. 'तांत्रिक सल्ला' म्हणून डेटाबेसवरचे लेख बसवणारे लोक आहेत. मी माझ्या अशिलांना बसवू देत नाही.

जीएसटीची काळजी २० लाखांच्या वर करा. पगार त्यात धरत नाहीत.

सदाशिवपेठी
इतकं वाचून मी कविता लिहायचं ठरवलंय. त्यात उत्पन्नाचा धोका नाही.

न्यूजर्सीचा_बाप्पा
इकडची, अमेरिकेतली बाजू. एच-१बी व्हिसावर ज्याने अर्ज केला त्याच मालकासाठी काम करता येतं. ब्लॉगवरच्या जाहिराती, फ्रीलान्स लेख, कोर्स, सगळं 'काम' या शब्दाच्या तडाख्यात येऊ शकतं. पगार कितीही असो, शंभर डॉलरच्या लेखासाठी व्हिसा पणाला लावणारे बघितलेत. आमच्या मंडळाच्या अंकाला मी लिहितो ते फुकट, आणि भारतातल्या एका अंकाने मानधन देऊ केलं तेव्हा नको म्हणून कळवलं. पुस्तकाच्या रॉयल्टीबद्दल वकिलांची मतं वेगवेगळी पडतात, त्यामुळे चॅटवर मित्राला विचारू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड आल्यावर हा प्रश्न सुटतो. भारतीयांच्या रांगेत तोवर कादंबरी त्रिखंडात्मक होते.

मडगांवकार
गोंयांतून नमस्कार. मी मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहितो, पोटापाण्याला पणजीत सपोर्टचं काम. एक विचारायचं होतं. एआयकडून महिन्याला दहा ईबुकं पाडून किंडलवर टाका असले व्हिडिओ धडाधड येतायत. कोणी करून बघितलंय?

डोंबिवली_फास्ट_लोकल
केडीपी आता पुस्तक चढवताना मजकूर एआयने तयार केला का, ते विचारतं. खोटं सांगून खातं बंद झालं तर खरी पुस्तकंही जातात. आणि मराठी वाचक पहिल्या पानात ओळखतो. 'तिच्या डोळ्यांत एक अव्यक्त वेदना होती' आलं की पुस्तक बंद.

खडूस_संपादक
ते वाक्य एआयच्या आधीपासून येतंय माझ्याकडे. दर जूनमध्ये.

मुक्ता_दे
तांत्रिक लेखनाच्या करारांत आता मजकूर एआयचा नाही अशी हमी लिहून मागतात. मी एआयकडून फक्त उलटतपासणी करून घेते: कुठली पायरी राहिली, कुठे वाचक अडेल. वाक्यं माझीच.

परदेशी पैशाबद्दल एक राहिलं. बँकेत डॉलर आले की परकीय रक्कम मिळाल्याचा दाखला मागून ठेवा, आणि बँकेने विचारलेला पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक) अंदाजपंचे सांगू नका. आणि सशुल्क वृत्तपत्रिका काढायची स्वप्नं असतील तर: सबस्टॅक (वृत्तपत्रिका काढायची साइट) पैसे घेतं स्ट्राइप या पेमेंट सेवेवरून, आणि २०२४पासून स्ट्राइपचं नवं खातं भारतात निमंत्रणाशिवाय उघडत नाही. मी तिथेच थांबले.

नोटीस_पिरियड
अर्धविराम, परवानगीचा मेल पाठवलात का? मसुदा इथे टाका, बघते.

अर्धविराम
टाकतो. इंग्रजीत आहे, मराठीत सार देतो.

'मी ऑफिसच्या वेळेबाहेर, स्वतःच्या साधनांवर दोन प्रकारचं लेखन करतो. मराठी कथा, आणि सर्वसाधारण सॉफ्टवेअर विषयांवर इंग्रजी लेख. त्याचं मानधन मिळतं. लेखनात कंपनीचं नाव, कोड, ग्राहक, आकडे वा अंतर्गत माहिती येत नाही. आपल्या प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी लिहीत नाही. नेमणूकपत्राच्या बाह्य कामाच्या कलमाखाली यास लेखी संमती मिळावी, तसेच या लेखनाचे हक्क माझ्याकडे असल्याची नोंद व्हावी.'

नोटीस_पिरियड
चांगलं आहे, पण दोन अर्ज करा. कथांचा वेगळा, तांत्रिक लेखांचा वेगळा. एकत्र पाठवलंत तर तांत्रिक लेखांवर अडलेला मॅनेजर कथाही अडवून ठेवतो. कथांना संमती आठवड्यात येते, कारण नाही म्हणायला कोणाकडे कारण नसतं. लेखांच्या अर्जात 'प्रतिस्पर्धी' हा शब्द तुम्ही ठरवू नका, ज्या कंपन्यांसाठी लिहिता त्यांची नावं द्या आणि ठरवणं तुमच्या कंपनीवर सोडा. 'रात्री अडीच'सारखा लेख असेल तर प्रसिद्धीपूर्वी दाखवायची तयारी आहे हेही लिहा. आणि मेल मॅनेजरला एकट्याला नको, एचआरला प्रतीसह. मॅनेजर बदलतात.

अर्धविराम
दोन अर्ज हे सुचलंच नव्हतं. आजच पाठवतो.

*(काही दिवसांनी)*

कथांना संमती आली. नुसतं 'ठीक आहे, शुभेच्छा'. तांत्रिक लेख लीगलकडे गेलेत. कंपन्यांच्या यादीतल्या एकीवर हरकत आहे, कारण आमचा एक विभाग तसलंच साधन बनवतो म्हणे. मला ठाऊकही नव्हतं. ती यादीतून काढली. बाकीच्यांचं उत्तर यायचंय, तोवर हातातला लेख थांबवलाय आणि तिकडच्या संपादकाला तसं कळवलंय.

वकीलबाई_नागपूर
ते 'ठीक आहे, शुभेच्छा' स्वतःच्या खासगी मेलवर घेऊन ठेवा. नोकरी सुटते त्या दिवशी ऑफिसचा मेल उघडत नाही.

सदाशिवपेठी
ताळेबंद साहेब, एक शंका. गेल्या दिवाळीला एका अंकाने माझ्या विनोदी लेखाचे हजार रुपये दिले. रोख, पाकिटातून. तेही दाखवायचे?

ताळेबंद
हो.

सदाशिवपेठी
म्हणजे ३१२ रुपये सरकारला. विनोदी लेखावर.

खडूस_संपादक
@सदाशिवपेठी: तुमचा ताशी दर काढायचा हिशोब राहिलाय, तो द्या, दिवाळीला चौकटीत छापतो.
@अर्धविराम: कथांना संमती आलीये म्हणता. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मानधनाची रक्कम आणि तारीख दोन्ही त्यात लिहिलीय, ३१ जुलैपर्यंत मजकूर द्या. आणि पॅन.